वऱ्हाडातील हौशी क्रीडा मंडळे आणि सार्वजनिक अनुदान : एक विवेचन

बीजसंज्ञा : हौशी क्रीडा मंडळ, व्यायामशाळा, लोकवर्गणी, क्रीडा अनुदान, सार्वजनिक न्यास, अमरावती, अकोला

प्रस्तावना

खेळाडू घडविण्याचे श्रेय आपण प्रशिक्षकाला, शाळेला किंवा संघटनेला देतो. परंतु तो खेळाडू वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी पहिल्यांदा ज्या मैदानात उतरला, ते मैदान बहुधा एखाद्या मंडळाचे असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेले असता असे एखादे मंडळ आढळतेच. मारुतीच्या देवळामागील आखाडा, शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी चालणारा खो-खोचा सराव, वस्तीतील मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने आखलेले कबड्डीचे मैदान, अशी त्यांची रूपे आहेत. त्यांना 'हौशी' म्हटले जाते. खेळणाऱ्यास मानधन नाही, शिकविणाऱ्यास वेतन नाही आणि चालविणाऱ्यास पदरमोड चुकत नाही, एवढाच या शब्दाचा व्यवहारातील अर्थ आहे.

अशा मंडळांना सार्वजनिक निधीतून साहाय्य करण्याच्या योजना आपल्याकडे अनेक आहेत. तरीही अनुदान मिळालेली व्यायामशाळा कुलूपबंद आणि मुलांनी गजबजलेला आखाडा मात्र निष्कांचन, असे चित्र वारंवार दिसते. त्याचे खापर सामान्यतः वशिलेबाजीवर फोडले जाते. ते सर्वस्वी चूक आहे असे म्हणता येणार नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ कारण अनुदानाच्या घडणीतच आहे. आपले अनुदान वास्तू आणि वस्तू यांसाठी दिले जाते, तर मंडळ जगते ते रोजच्या लहानसहान खर्चावर. अनुदान कागदपत्रांच्या आधारे दिले जाते, तर मंडळ चालते ते परस्परविश्वासावर. या दोन विसंगतींचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोकवर्गणीची परंपरा

वऱ्हाडाला संस्था उभारणे नवीन नाही. १९०३ मध्ये हा प्रदेश मध्यप्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. त्याआधीच कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या पेठा भरभराटीस आल्या होत्या. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारातील व्यवहारांतून 'धर्मादाय' या नावाने काही कपात करून ती लोकोपयोगी कामाकडे वळविण्याची प्रथा त्या काळी देशभरातील पेठांत होती. ती शेतकऱ्यावर लादलेली कपात होती हे खरे. पण सार्वजनिक कामासाठी गावानेच पैसा काढावयाचा, ही सवय त्या काळातील आहे.

याच वातावरणात १९१४ साली अमरावतीत अनंत कृष्ण वैद्य व अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनी काही तरुणांना हाताशी धरून एका लहानशा क्लबाच्या रूपाने जे कार्य आरंभिले, तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ख्यातनाम झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शारीरिक शिक्षकांसाठीचे उन्हाळी वर्ग व पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय असा त्याचा विस्तार झाला. आज ज्याला आपण क्रीडा अनुदान म्हणतो तशी काही व्यवस्था १९१४ साली अस्तित्वात नव्हती. मंडळ आधी उभे राहिले आणि शासन त्याच्या मागाहून आले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मात्र हनुमान मंडळाचे उदाहरण देऊन 'बघा, त्यांना जमले, तुम्हांला का जमत नाही?' असे लहान मंडळांना सुनावणे अन्यायाचे होईल. एका जिल्ह्यात असे एखादेच मंडळ होते. उरलेली शेकडो मंडळे दहा-पंधरा वर्षे चालून, चालविणारा थकला की विरून जातात.

लोकवर्गणी आजही आटलेली नाही. श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे जल कावडीने आणले जाते. त्या वेळी वस्तीवस्तीतील शिवभक्त मंडळे जी वर्गणी उभी करतात ती पाहता वऱ्हाडी माणसाचा हात आखडता आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. जत्रेतील कुस्त्यांच्या दंगलीतही इनामे लोकच लावतात. पण वर्गणी प्रसंगाला मिळते, सरावाला मिळत नाही. दंगलीच्या शेवटच्या कुस्तीला इनाम लावणारा गृहस्थ आखाड्यातील मातीसाठी वर्षभर दरमहा शंभर रुपये देईलच असे नाही. त्यात त्याचा दोष नाही. प्रसंग डोळ्यांना दिसतो, सराव दिसत नाही. हे न दिसणारे काम तोलून धरणे हेच खरे तर सार्वजनिक अनुदानाचे प्रयोजन असावयास हवे.

अनुदानाची वाट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्यसूचीत (नोंद ३३) आहे. शहरांपुरते बोलावयाचे तर बाराव्या अनुसूचीनुसार उद्याने व क्रीडांगणे ही नागरी सुविधा आहे. महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या अखत्यारीत क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास या दोन योजनांतून स्थानिक स्तरावर अनुदान दिले जाते. त्याचा निधी प्रामुख्याने जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. म्हणजेच त्याचा निर्णय घटनेच्या २४३-झेडडी या अनुच्छेदान्वये स्थापन झालेल्या जिल्हा नियोजन समितीच्या कक्षेत होतो. राज्याने २००१ व पुन्हा २०१२ मध्ये क्रीडा धोरण जाहीर केले. दोन्ही वेळी पायाभूत सुविधांच्या उभारणीला महत्त्वाचे स्थान मिळाले.

व्यवहारात ही वाट अशी आहे. मंडळाने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विहित नमुन्यात प्रस्ताव द्यावयाचा. सोबत नोंदणी प्रमाणपत्रे, जागेचा सात-बारा उतारा किंवा आखीव पत्रिका, लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव, बांधकामाचा नकाशा व अंदाजपत्रक, हमीपत्र आणि छायाचित्रे जोडावयाची. मग छाननी, त्रुटी, त्रुटीपूर्तता, जिल्हास्तरीय समितीची मंजुरी आणि निधीची उपलब्धता. निधी हाती येईपर्यंत पुष्कळदा फेब्रुवारी-मार्च उजाडतो आणि मार्चअखेर खर्च दाखविण्याची घाई सुरू होते. काम झाले की पूर्णत्वाचा दाखला व उपयोगिता प्रमाणपत्र. सार्वजनिक पैशाला इतका पहारा असलाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. पण या साखळीतील प्रत्येक कडी 'काय बांधले, काय घेतले' हेच विचारते. किती मुले येतात, किती मुली येतात, वर्षातले किती दिवस येतात, हा प्रश्न तीत जवळजवळ नाही. उपयोगिता प्रमाणपत्राने पैसा वापरला गेल्याची खात्री मिळते, जागा वापरली गेल्याची नव्हे.

खासदार स्थानिक विकास निधी १९९३ मध्ये सुरू झाला. त्याचाही रोख टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेवर आहे. गेल्या काही वर्षांत उद्यानोद्यानी दिसणारी खुल्या व्यायामशाळांची रंगीत उपकरणे याच वृत्तीची साक्ष देतात. ती वाईट नाहीत, सकाळी फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठांना त्यांचा उपयोग होतो. पण त्यांतून कबड्डीचा संघ उभा राहत नाही.

जागेचा पेच

वऱ्हाडात हा प्रश्न विशेष अवघड होतो तो जमिनीच्या प्रकारांमुळे. अनुदानासाठी जागा संस्थेच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची असावी लागते, आणि ही अट योग्यच आहे. उद्या ज्या जागेवरून उठावे लागेल तेथे शासनाने भिंत का बांधावी? परंतु शहरांतील जुने आखाडे अनेकदा नझूल जागेवर, देवस्थानच्या आवारात किंवा कुणा दात्याने तोंडी दिलेल्या जागेवर असतात. आजोबांनी 'खेळा रे पोरांनो' म्हणून दिलेली जागा नातवाच्या वारसनोंदीत येते आणि मग शब्दाला किंमत उरत नाही. नवीन वसाहतींत अभिन्यासातील खुली जागा असते, पण ती स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित झालेली असावी लागते. आणि झाली तरी तीवर उद्यान, समाजमंदिर की मैदान यावर रहिवाशांचेच एकमत नसते.

खेड्यात परिस्थिती आणखी निराळी. मुले ज्या पडीवर खेळतात ती बहुधा 'ई-क्लास', म्हणजे शासनाच्या मालकीची व गुरचरणासाठी राखलेली जमीन. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०११ च्या जानेवारीत सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध कडक निर्णय दिला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरान व सार्वजनिक वापराच्या जमिनींच्या वाटपावर निर्बंध आणले. धनदांडग्यांच्या अतिक्रमणाला चाप लावण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे गावच्या मंडळाला ई-क्लासवर मैदानाचा रीतसर हक्क मिळविणेही दुष्कर झाले. मैदान आहे, मुले आहेत, वीस वर्षांची वहिवाट आहे. नाही तो फक्त उतारा.

मैदानाचा रोजचा खर्च

मातीपासूनच आरंभ करावा लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन कापसाला उत्तम, खेळाला मात्र वैरीण. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीवर खेळावयाचे तर मुरूम टाकून दाबावा लागतो, वर लाल माती पसरावी लागते आणि दरवर्षी पावसानंतर हे काम निदान अर्धे तरी पुन्हा करावे लागते. याच मातीच्या फुगण्या-आकसण्यामुळे हलक्या पायाच्या इमारतींना तडे जातात, त्यामुळे अनुदानातून बांधलेली खोलीही दुरुस्ती मागू लागते, आणि दुरुस्तीसाठी अनुदान मिळणे बांधकामापेक्षा कठीण. आखाड्याच्या लाल मातीत तेल, हळद, ताक मुरवावे लागते. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, तेव्हा मैदानावर सडा टाकावयास पाणी हवे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो; तेथे विहिरीचे पाणीही हक्काचे नाही.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे अकोला जिल्ह्यातील एका खो-खो मंडळाची जमाखर्चाची वही लिहिली आहे. त्या वहीत मोठी रक्कम अशी क्वचितच सापडेल. फक्की, मुरमाची ट्रॉली, पाण्याचा टँकर, मलमपट्टी, गणवेश, संघटनेची संलग्नता फी, स्पर्धेची प्रवेश फी, आणि सर्वांत वरचढ म्हणजे एस.टी.चे भाडे. बारा मुली, दोन मार्गदर्शक, जाणेयेणे आणि दोन वेळचे जेवण. जिल्हास्तरीय स्पर्धेला संघ गेला नाही असे ज्या वर्षी घडले, त्या वर्षी खेळ कमी पडला नव्हता, भाडे कमी पडले होते. यांपैकी एकाही बाबीला बांधकाम-साहित्याच्या योजनेत स्थान नाही. मार्गदर्शकाच्या मानधनाचा रकाना तर वहीत कोराच आहे.

हा कोरा रकाना भरण्याचा एक प्रयत्न केंद्र शासनाने केला होता, त्याची आठवण येथे आवश्यक आहे. २००८-०९ मध्ये सुरू झालेल्या पंचायत युवा क्रीडा और खेल अभियानात, म्हणजेच 'पायका' योजनेत, ग्रामपंचायतीला एकरकमी १ लाख रुपये बीजभांडवल, त्याशिवाय पाच वर्षे दरवर्षी साहित्यासाठी १० हजार व चालू खर्चासाठी १२ हजार रुपये देण्याची तरतूद होती. गावातील एका क्रीडाप्रेमी व्यक्तीस 'क्रीडाश्री' नेमून तिला दरमहा ५०० रुपये मानधन द्यावयाचे होते. चालू खर्च आणि माणूस या दोन्ही गोष्टी अनुदानाच्या चौकटीत आल्या, ही या योजनेची दूरदृष्टी. परंतु त्याच सुमारास, २००९ मध्ये, राष्ट्रीय रोजगार हमीसाठी केंद्राने जाहीर केलेला मजुरीचा आकडा दिवसाला १०० रुपये होता. म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी गावातील मुले खेळविण्याचे मोल आपण पाच दिवसांच्या मातीकामाइतके ठरविले. २०१४ मध्ये या योजनेची जागा राजीव गांधी खेल अभियानाने घेतली आणि त्यानंतर लवकरच 'खेलो इंडिया' हा कार्यक्रम आला. त्याचा भर प्रतिभाशोध, स्पर्धा व अकादमींवर अधिक आहे. पदकांच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण गावातील क्रीडाश्री त्या बदलात हरवला तो हरवलाच.

अन्यत्र काय घडते

जर्मनीत खेळाचा पाया नोंदणीकृत स्थानिक क्लब हाच मानला जातो. क्लबात अर्धवेळ शिकविणाऱ्या मार्गदर्शकाला मिळणारे मानधन तेथे ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त असते. २०२१ मध्ये ही मर्यादा वर्षाला ३,००० युरो करण्यात आली. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली तेव्हा तिच्या उत्पन्नाचा वाटा ज्या सत्कार्यांना मिळावयाचा होता त्यांत खेळाचाही समावेश होता, आणि त्यातून लहान क्लबांना लहान रकमेची अनुदाने देण्याची पद्धत रूढ झाली. त्या देशांची श्रीमंती बाजूला ठेवली तरी शिकविणारा माणूस हाच मुख्य खर्च, आणि लहान मंडळाला लहान रक्कम साध्या अर्जावर, ही दोन तत्त्वे आपल्याला परवडणार नाहीत अशी नाहीत. एका व्यायामशाळेच्या बांधकामाच्या रकमेत किती मार्गदर्शकांचे वर्षाचे मानधन निघेल, याचा हिशेब एखाद्या नियोजन समितीने एकदा तरी करून पाहावा.

आपल्याकडे आशेने पाहिले जाते ते कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु याच कायद्यात कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसरास प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालये मुंबई-पुण्याकडे. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून असा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आयकर सवलतीची नोंदणी नसलेले मंडळ या दारापर्यंतही पोहोचत नाही. खेळाला उत्तेजन देणे हा धर्मादाय हेतू मानावा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८४ च्या परिपत्रक क्रमांक ३९५ द्वारे स्पष्ट केले होते. पण ही गोष्ट ठाऊक असलेला मंडळाचा कार्यवाह विरळाच.

मंडळाची कागदोपत्री बाजू

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मंडळांच्या हाती जे आहे ते सांगणे अगत्याचे वाटते. महाराष्ट्रात मंडळाची नोंदणी सामान्यतः दुहेरी असते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली, ज्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ९ मध्ये सामाजिक कल्याण व लोकहितासाठी पुरविलेल्या मनोरंजनाच्या सोयींचाही धर्मादाय हेतूंत समावेश आहे, त्यामुळे क्रीडा मंडळाच्या नोंदणीला अडचण नसते. अडचण नोंदणीनंतर सुरू होते. मंडळाचा तपशील धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर असतो. पदाधिकारी किंवा विश्वस्त बदलला, निधन पावला, जागा मिळाली वा गेली, की कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावयाचा असतो. हा अर्ज जवळजवळ कोणीही वेळेवर देत नाही. निवडणूक होते, हारतुरे होतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि वही कपाटात जाते.

उपरोक्त खो-खो मंडळाचा क्रीडांगण विकासाचा प्रस्ताव एका वर्षी परत आला तो याच कारणाने. जागेचा भाडेपट्टा होता, तीन वर्षांचे लेखापरीक्षण होते, नकाशाही होता. परंतु परिशिष्टावर अध्यक्ष म्हणून ज्या गुरुजींचे नाव होते त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि प्रस्तावावर सही करणाऱ्या नव्या अध्यक्षांचे नाव तेथे कोठेच नव्हते. कार्यालयाने एका ओळीची त्रुटी काढली. ती त्रुटी खरी होती. तिचा धनी प्रस्तुत लेखकच होता, कारण वही त्याच्याकडे होती. विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज दाखल केला, तारखा पडल्या, जुन्या सभासदांची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यासाठी एकाला पुण्याहून बोलवावे लागले. हुकूम हाती पडेपर्यंत तो आर्थिक वर्षाचा निधी संपला होता. त्या वर्षी मुरूम वर्गणीतूनच टाकला, तोही अर्ध्या मैदानावर. उरलेल्या अर्ध्यावर मुली पावसाळाभर खेळल्या नाहीत. पुढील वर्षीच्या प्रस्तावाला पहिले कागद म्हणून परिशिष्ट १ ची नवी नक्कल जोडली आणि तो छाननीतून एका फेरीत पुढे गेला.